नेट स्लो आहे? प्लॅन वाढवण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

नेट स्लो झालं की आपल्याकडे आधी राउटर बंद करून चालू केला जातो, मग कंपनीला फोन लागतो. तेवढ्याने भागलं नाही तर मोठ्या स्पीडचा प्लॅन घेतला जातो. दर महिन्याचं बिल वाढतं आणि आतल्या खोलीतला व्हिडिओ कॉल पूर्वीसारखाच अडकत राहतो. याचं कारण साधं आहे. बहुतेक घरांत दोष प्लॅनमध्ये नसतोच. तो राउटर आणि मोबाइल यांच्या मधल्या भिंतीत असतो, अर्धवट जोडलेल्या लॅन केबलमध्ये असतो, नाहीतर दिवसभर क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवणाऱ्या कॅमेऱ्यात असतो. तिथे ३०० एमबीपीएसच्या जागी ५०० घेऊन काही फरक पडत नाही.

म्हणून या लेखात क्रम ठरवून तपासणी केली आहे. फायबर घरात शिरतं तिथून सुरुवात करायची, एकेक टप्पा निर्दोष ठरवत पुढे सरकायचं आणि जिथे आकडे बिघडतात तिथे थांबायचं. लागणारं सामान फार नाही: एक लॅपटॉप, एक चांगली लॅन केबल, मोबाइल आणि एखादी मोकळी संध्याकाळ. संध्याकाळच का, ते पुढे येईल.

स्पीड कमी आणि लॅग जास्त, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत

तक्रार नेमकी कोणती, हे आधी ठरवा. सिनेमा डाउनलोड व्हायला वेळ लागतो, ओटीटीवरचं चित्र धूसर होतं, तर स्पीड कमी आहे. कॉलवर समोरच्याचा आवाज तुटतो, दोघं एकदम बोलायला लागतात, गेममध्ये गोळी झाडली तरी उशिरा लागते, पेज उघडायला सुरुवातच होत नाही, तर तो लॅग आहे. म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ जास्त आहे. हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. स्पीड टेस्टमध्ये ‘पिंग’ म्हणून जो छोटा आकडा दिसतो तो हाच, आणि बहुतेक लोक त्याच्याकडे बघतही नाहीत.

आकड्यांचा एक घोळ इथेच मिटवून टाकू. प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो आणि डाउनलोडची खिडकी मेगाबाइटमध्ये वेग दाखवते. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आसपासच दिसणार. तो दोष नाही.

गरज किती असते तेही पाहा. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानतं. व्हिडिओ कॉलला तर चार एमबीपीएससुद्धा पुष्कळ झाले. चार माणसांचं घर १०० एमबीपीएसवर आरामात चालायला हवं. चालत नसेल तर खोट प्लॅनच्या आकड्यापेक्षा दुसरीकडेच असण्याची शक्यता जास्त.

पायरी १: वायफाय बाजूला ठेवा, तारेने मोजा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि टाळली जातेही हीच. मोबाइलवर वायफायने स्पीड टेस्ट करून कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही, कारण त्या आकड्यात तुमच्या भिंती, शेजाऱ्यांचे राउटर आणि मोबाइलची अँटेना हे सगळं मिसळलेलं असतं. कंपनीचा माणूस ‘वायफायची गॅरंटी नसते’ म्हणतो, आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर असतं.

लॅपटॉप राउटरजवळ आणा आणि लॅन केबलने थेट जोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. घरातले टीव्ही, मोबाइल, कॅमेरे थोडा वेळ नेटवरून काढा. ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. तो विसरला जातो आणि मग सगळे आकडे फसवतात. आता टेस्ट करा, पण एकाच ठिकाणी नको. ऊकला कंपनीची ‘स्पीडटेस्ट’ आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो बऱ्याचदा तुमच्याच कंपनीचा असतो. त्यातून फक्त कंपनीच्या केंद्रापर्यंतचा रस्ता कळतो. यादीतून मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून पुन्हा मोजा. मग फास्ट डॉट कॉमवर मोजा; ती टेस्ट नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून डेटा आणते. तिन्ही आकडे प्लॅनच्या जवळ आले तर लाइन ठीक आहे आणि तुमचा शोध घराच्या आत सुरू होतो. तिन्ही कमी आले तर दोष लाइनमध्ये, पेटीत (घरात फायबर जिला जोडलेलं असतं ती) किंवा केबलमध्ये. पहिला चांगला आणि बाकीचे दोन वाईट असतील तर कंपनीची बाहेरची जोडणी अपुरी पडते आहे.

एक आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: ९४. प्लॅन २०० चा असो की ३०० चा, टेस्ट दर वेळी ९३-९४-९५ वर येऊन अडत असेल तर मधे कुठेतरी १०० एमबीपीएसचा फास्ट इथरनेट दुवा आहे, हे जवळजवळ नक्की समजा. आमच्या सोसायटीत एका घरी ३०० चा प्लॅन वर्षभर ९४ वर चालला होता. राउटर बदलून झाला, तक्रारी करून झाल्या. शेवटी पेटी आणि राउटर यांच्यामधल्या हातभर केबलचा कनेक्टर उजेडात धरून पाहिला. पारदर्शक प्लास्टिकच्या आत आठऐवजी चारच तारा होत्या. नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी बसवलेली, निळी आणि तपकिरी मुळापाशी कापून टाकलेली. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. आठ तारांची तयार कॅट-सिक्स पॅच कॉर्ड लावली आणि आकडा २९० च्या पुढे गेला.

तुमच्याकडे हे तपासायला कनेक्टर कापायची गरज नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड लिहिलेला असतो. तिथे १००० ऐवजी १०० दिसलं तर आधी केबल बदला, मग राउटरचं दुसरं पोर्ट वापरून पाहा. स्वस्त राउटरची सगळीच पोर्ट १०० ची असतात, आणि काही फायबरच्या पेट्यांमध्ये एकच पोर्ट गिगाबिट असतं, बाकीची नाहीत. लोकल केबलवाल्याने गच्चीवरच्या स्विचपासून तांब्याची लॅन वायर टाकून नेट दिलं असेल तर ही मर्यादा घराबाहेरही असू शकते. अशी वायर १०० मीटरपर्यंतच भरवशाची, आणि उघड्यावर तीन-चार पावसाळे काढले की तिचा भरवसा आणखी कमी होतो.

पायरी २: पेटीवरचे दिवे आणि फायबरची पॉवर

फायबर ज्या पेटीत येतं तिच्यावर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा आणि स्थिर हवा. लॉसचा लाल दिवा लागला तर प्रकाशच पोहोचत नाही, आणि तिथे तुमच्या हातात तक्रार करण्यापलीकडे फारसं काही नाही. अवघड असतो तो मधला प्रकार: दिवे ठीक, नेट चालू, पण प्रकाश कमजोर. मग डेटात चुका होतात, पाकिटं (डेटा ज्या छोट्या तुकड्यांत जातो ते) गळतात, आणि स्पीड कधी आहे तर कधी नाही असं होतं.

हे मोजता येतं. लाइनवर आलेला माणूस पॉवर मीटर लावतो आणि फोनवर सांगतो, ‘मायनस बावीस येतेय.’ तो आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. पुष्कळ पेट्यांच्या सेटिंगच्या पानावरही तो दिसतो. ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन इन्फर्मेशन’ असा विभाग शोधा आणि ‘आरएक्स पॉवर’ वाचा. मायनस १५ ते मायनस २४ मध्ये असेल तर निवांत राहा. आपल्याकडच्या जीपीओएन पद्धतीत (यात एकच फायबर अनेक घरांत वाटली जाते) नेहमीच्या पेटीची मर्यादा मायनस २७ च्या आसपास असते, त्यामुळे मायनस २६ आलं तर लाइन काठावर आहे. आज चालेल, पावसात बसेल. तो आकडा आत्ताच टिपून ठेवा. नेट चांगलं चालू असतानाचा आकडा हाताशी असेल तर बिघडल्यावर तुलना करता येते.

घरात बघण्यासारख्या जागा ठरलेल्या आहेत. पिवळी किंवा पांढरी बारीक फायबर दाराच्या फटीत चेपली आहे का, खिळ्यावर घट्ट गुंडाळली आहे का, टीव्ही युनिटमागे तिला काटकोनात मोड आला आहे का. काच तुटली नाही तरी घट्ट वळणातून प्रकाश बाहेर निसटतो. वेटोळं करायचंच असेल तर वाटीएवढं तरी मोठं ठेवा. पेटीत जाणारा हिरवा कनेक्टर उगाच काढू नका, कारण टोकावर बसलेली धूळसुद्धा पॉवर खाते. आणि निघालेल्या फायबरच्या टोकात कधीही डोळा लावून पाहू नका. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो चालू आहे की बंद हे कळत नाही. लहान मुलांनाही सांगून ठेवा.

पावसाळ्यात दोष अनेकदा जिन्यातल्या किंवा खांबावरच्या जॉइंट बॉक्समध्ये निघतो. झाकण नीट न लावलेल्या बॉक्समध्ये पाणी जातं, उंदीर फायबर कुरतडतात, फांदी पडून वायर ताणली जाते. पाऊस आला की नेट जातं असं लागोपाठ होत असेल तर तक्रारीत हे आवर्जून लिहा.

पायरी ३: तीन ठिकाणी पिंग

आता लॅग. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि तीन वेगवेगळ्या पत्त्यांना पिंग करा. पहिला पत्ता तुमच्या राउटरचा. तो राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरा तुमच्या कंपनीच्या पहिल्या टप्प्याचा. ‘ट्रेसर्ट’ (tracert) ही आज्ञा ८.८.८.८ या पत्त्यावर चालवली की राउटरनंतरच्या ओळीत तो सापडतो. घरात पेटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दुसरी ओळ पेटीची निघू शकते, मग तिसरी घ्या. शेवटचा पत्ता म्हणजे खुद्द ८.८.८.८, गूगलचा. पिंगच्या पुढे पत्ता, मग उणे चिन्ह आणि टी हे अक्षर लिहिलं की थांबवेपर्यंत मोजणी चालू राहते. प्रत्येकाला पाच मिनिटं द्या, मग कंट्रोल आणि सी दाबा. खाली किमान, कमाल, सरासरी आणि किती पाकिटं हरवली ते येतं.

तारेने राउटरला पिंग एक मिलिसेकंदाच्या आत हवा. तिथेच १०-२० येत असतील किंवा पाकिटं हरवत असतील तर केबल किंवा राउटर खराब आहे, पुढे जायची गरज नाही. कंपनीच्या टप्प्याला फायबरवर साधारण २ ते ५ मिलिसेकंद लागतात. पुणे, मुंबई, नाशिकसारख्या शहरांतून ८.८.८.८ ला ३ ते १५ आले तर उत्तम. विदर्भातून अंतरामुळे काही मिलिसेकंद वाढतात. सरासरीइतकाच महत्त्वाचा असतो चढउतार. सतत ४० असणारी लाइन गेमला चालते. पाच, पाच, पाच, एकशे ऐंशी, पाच अशी उडी मारणारी चालत नाही. हरवलेल्या पाकिटांच्या बाबतीत तर एक टक्काही जास्त आहे: कॉलमधला आवाज तेवढ्यानेही तुटतो.

ट्रेसर्ट वाचताना एक गैरसमज नेहमी होतो. मधल्या एखाद्या ओळीत चांदण्या (*) किंवा मोठा आकडा दिसला की लोक तिथेच बोट ठेवतात. मधली यंत्रं पिंगला उत्तर देणं हे दुय्यम काम मानतात, कधी उत्तर देतच नाहीत. त्या ओळीपुढचे आकडे ठीक असतील तर तो दोष नव्हे. आकडा एका ओळीत वाढून शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला, तरच त्या टप्प्याकडे बोट दाखवा.

पायरी ४: वायफाय

तारेवर सगळं छान आणि मोबाइलवर रडगाणं, असं निघालं तर तुमचा दोष हवेत आहे. बहुतेक घरांत शोध इथेच संपतो.

राउटरची जागा आधी पाहा. फायबर बसवणारा माणूस पेटी तिथेच लावतो जिथे त्याला वायर कमी लागते: दाराशी, शू रॅकवर, टीव्हीच्या मागे. तिथून शेवटच्या बेडरूमपर्यंत सिग्नलला दोन-तीन भिंती, लोखंडी कपाट आणि बाथरूमच्या टाइल्स पार कराव्या लागतात. काँक्रीटच्या भिंतीत सळया असतात, आरशाच्या पाठीला धातूचा थर असतो, आणि फिशटँकमधलं पाणी सिग्नल शोषून घेतं. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींचं किंवा जुन्या वाड्याचं घर असेल तर एका राउटरकडून संपूर्ण घराची अपेक्षाच धरू नका. फ्लॅटमध्ये राउटर घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, डोक्याच्या उंचीला ठेवा. पेटी हलवता येत नसेल तर पेटीपासून मध्यापर्यंत लॅन केबल ओढून राउटर तिकडे न्या. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या राउटरनेही बऱ्याचदा पडत नाही.

मग बँड, म्हणजे वायफाय ज्या लहरींवर चालतं तो पट्टा. राउटरमध्ये बहुधा असे दोन असतात. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोहोचतो पण गर्दीचा आहे. त्यावर शेजाऱ्यांचे राउटर असतात, ब्लूटूथ असतं, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण भिंतीपुढे लवकर थकतो. दोन्हींना एकच नाव दिलेलं असलं की मोबाइल कोणत्या बँडवर आहे ते कळत नाही, आणि काही मोबाइल दूर गेल्यावर २.४ पकडतात ते राउटरशेजारी आले तरी सोडत नाहीत. तपासणीपुरती दोन्हींना वेगळी नावं द्या. टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल पाचवर ठेवा. स्मार्ट बल्ब, प्लग आणि जुने कॅमेरे २.४ वर राहू द्या, त्यातल्या बहुतेकांना पाच चालतच नाही.

सिग्नल किती येतो ते मोजण्यासाठी अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं ॲप घ्या. ते डीबीएममध्ये आकडा दाखवतं. मायनस ५० म्हणजे अप्रतिम, मायनस ६७ पर्यंत कॉल नीट चालतात, मायनस ७५ च्या पलीकडे त्रास सुरू. मोबाइल हातात धरून घरभर चाला आणि प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर लिहा. कोणत्या भिंतीपाशी आकडा एकदम कोसळतो ते दिसेल, आणि राउटर कुठे हलवायचा हेही आपोआप समजेल.

त्याच ॲपमध्ये शेजारचे राउटर कोणत्या चॅनलवर आहेत तेही दिसतं. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. त्यांतला कमी गर्दीचा निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. ४० ठेवून स्पीड वाढेल असं वाटतं, पण दाट वस्तीच्या सोसायटीत त्याने दोन्ही बाजूंची गर्दी अंगावर येते. चॅनल ३ किंवा ८ सारखे मधले घेऊ नका. ते दोन्हीकडून त्रास घेतात आणि देतात. पाच गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ हे सुरक्षित पट्टे. मधले चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत, आणि रडारचा संकेत मिळाला की राउटरला चॅनल सोडावा लागतो. विमानतळाच्या किंवा हवामान रडारच्या जवळ राहत असाल आणि वायफाय मधेच गायब होऊन परत येत असेल तर हे कारण तपासा.

रिपीटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हजार-बाराशेचा प्लगमध्ये लावायचा रिपीटर शक्यतो घेऊ नका. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, त्यामुळे स्पीड अर्ध्यावर येतो आणि लॅग वाढतो. सिग्नलच्या चार कांड्या मात्र पूर्ण दिसतात, म्हणून सुधारणा झाल्याचा भास होतो. मेश, म्हणजे एकमेकांशी जोडून एकच नेटवर्क चालवणाऱ्या राउटरांचा संच घ्या, आणि मेशच्या दोन पेट्या शक्य तिथे लॅन केबलने जोडा. घराचं काम काढलं असेल तर प्रत्येक खोलीत एक कॅट-सिक्स वायर कंड्युटमधून टाकून घ्या. भिंती फोडलेल्या असताना तो खर्च किरकोळ असतो, नंतर होत नाही.

पायरी ५: सगळे घरी असतानाचा लॅग

लाइन ठीक, वायफाय ठीक, रिकाम्या नेटवर पिंग ६, आणि तरीही कॉल तुटतो. कुणीतरी फोटोंचा बॅकअप सुरू केला की घरातल्या सगळ्यांचं नेट बसतं. या दोषाला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास आपल्या घरच्या जोडणीवर तो पाहिला आणि त्याला हे नाव दिलं. माझ्या मते घरगुती नेटचा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहिलेला दोष हाच आहे.

होतं असं. राउटर किंवा पेटी बाहेर पाठवू शकते त्यापेक्षा जास्त डेटा आला की ती तो टाकून न देता रांगेत साठवते. रांग मोठी ठेवली तर पाकीट हरवत नाही, पण अर्धा सेकंद ताटकळतं. कॉलमधल्या आवाजाचं इवलंसं पाकीट फोटोंच्या हजारो पाकिटांमागे उभं राहतं, जशी टोल नाक्यावर ट्रकच्या रांगेमागे ॲम्ब्युलन्स. रस्ता रुंद करून, म्हणजे प्लॅन वाढवून, रांग थोडी लवकर सरते. तरी ॲम्ब्युलन्स मागेच राहते.

चाचणी सोपी आहे. तारेने ८.८.८.८ ला पिंग चालू ठेवा आणि त्याच वेळी एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. पिंग ६ वरून १५-२० वर गेला तर काही बिघडलेलं नाही. २००-३०० वर गेला तर दोष सापडला. फास्ट डॉट कॉमवर जास्त माहितीचं बटण दाबलं की रिकाम्या आणि भरलेल्या लाइनचा लॅग वेगवेगळा दिसतो, तोही बघा. अपलोड वेगळं तपासणं जरूर, कारण पुष्कळ घरांचा त्रास तिथूनच येतो. क्लाउडवर चोवीस तास रेकॉर्डिंग पाठवणारे दोन-तीन कॅमेरे, मोबाइलचे बॅकअप आणि ऑफिसच्या लॅपटॉपचं सिंक एकत्र आले की अपलोडची मर्यादा भरते आणि डाउनलोडही अडखळतं, कारण प्रत्येक डाउनलोडची पोच अपलोडच्या वाटेनेच जाते.

यावरचा खरा उपाय म्हणजे राउटरमध्ये रांगेचं शहाणं व्यवस्थापन. एफक्यू-कोडेल आणि केक या त्याच्या पद्धती. काही राउटरमध्ये एसक्यूएम या नावाने ती सोय असते, आणि ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ती घालता येते. तिथे डाउनलोड आणि अपलोडची मर्यादा तुम्ही तारेने मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. दहा-पंधरा टक्के वेग सोडायचा, म्हणजे रांग कंपनीच्या पेटीत न तयार होता तुमच्या राउटरच्या ताब्यात राहते. मोठ्या वेगावर या कामाला राउटरचा प्रोसेसर ताकदीचा लागतो. स्वस्त राउटर तिथे दमतो.

कंपनीच्या पेटीत बहुधा ही सोय नसते. नवा राउटर घ्यायचा नसेल तर भार कमी करा. गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये अपलोडचा वेग बांधून देता येतो, फोटोंचा बॅकअप रात्री मोबाइल चार्जिंगला असताना होऊ द्या, आणि कॅमेरे सतत क्लाउडऐवजी मेमरी कार्डवर रेकॉर्ड करू द्या.

स्वतःचा राउटर लावताना पेटी ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे ती डेटा नुसता पुढे देईल, राउटरचं काम करणार नाही. नाहीतर पेटी एकदा आणि राउटर पुन्हा एकदा पत्ते बदलतो (यालाच नॅट म्हणतात), आणि गेमिंग कन्सोलवर ‘स्ट्रिक्ट नॅट’ची सूचना येते. तशीही आपल्याकडे बऱ्याच कंपन्या एकच सार्वजनिक आयपी (नेटवरचा पत्ता) अनेक ग्राहकांत वाटतात. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला दिसला तर तुम्ही त्या वाटपात आहात. साध्या वापराला याने काही होत नाही. गेमला किंवा घरातल्या कॅमेऱ्याला बाहेरून जोडायला अडतं. आयपीव्ही-सिक्स (पत्त्यांची नवी पद्धत) चालू करून पाहा, किंवा कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता मागा. त्याचे पैसे वेगळे पडतात.

घराबाहेरची कारणं

आता संध्याकाळ. दुपारी तीनला तारेने २९० आणि रात्री साडेनऊला ६०, असं रोज होत असेल तर कंपनीची क्षमता अपुरी आहे. जीपीओएनमध्ये एका फायबरचे सुमारे अडीच जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि त्यापुढची कंपनीची बाहेरची जोडणीही वाटलेलीच असते. रात्री आठ ते अकरा सगळे टीव्हीसमोर असतात. म्हणून तीन-चार दिवस दुपारी आणि रात्री, त्याच केबलवर, त्याच सर्व्हरवर मोजून वही ठेवा. एका दिवसाच्या स्क्रीनशॉटला किंमत नसते.

डेटा मर्यादाही तपासा. ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची अट असते आणि ती संपली की वेग उतरतो. कॅमेरे क्लाउडवर असलेल्या घराला महिनाअखेरीस त्याचा अनुभव येऊ शकतो.

अंतराचा लॅग मात्र कुणाला कमी करता येत नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ७२ मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, म्हणून प्रत्यक्षात ११०-१३० येतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला २०० च्या आसपास. पुण्यात बसून तिकडच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी हा आकडा गृहीत धरावा. गेमसाठी सर्व्हरच्या यादीत मुंबई असेल तर तोच निवडा.

कधी कधी हा आकडा अचानक उडी मारतो. २०२४ च्या सुरुवातीला आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा भारत-युरोप वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली. अशा वेळी परदेशातल्या मुलांशी कॉल अडखळतो आणि इथल्या साइट झकास चालतात. तुमचा राउटर उघडून उपयोग नसतो, दुरुस्ती होईपर्यंत थांबावं लागतं.

डीएनएसबद्दल, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेबद्दल थोडक्यात. १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकल्याने स्पीड वाढत नाही. पेज उघडायला सुरुवात उशिरा होते आणि मग भराभर उघडतं, एवढ्या एका तक्रारीवर त्याचा उपयोग आहे.

तक्रार अशी करा

‘नेट स्लो आहे’ या तक्रारीचं उत्तर ‘राउटर रिस्टार्ट करा’ असंच येणार. त्याऐवजी ॲपमध्ये किंवा मेलवर असं लिहा: ‘३०० एमबीपीएसचा प्लॅन. लॅपटॉप लॅन केबलने जोडून, लिंक स्पीड १०००. दुपारी ३ वाजता २९०, रात्री ९.३० वाजता ६०, सलग चार दिवस. राउटरला पिंग १ पेक्षा कमी, तुमच्या पहिल्या टप्प्याला ८५, पाकिटांची गळती ३ टक्के. आरएक्स पॉवर मायनस २६.’ हे वाचल्यावर कॉल सेंटरला प्रकरण तांत्रिक विभागाकडे पाठवावंच लागतं. तक्रार क्रमांक घ्या आणि जपून ठेवा.

त्याने झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला ते ठेवावं लागतं. अपिलाला फी नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे मेल पाठवून वाट पाहू नका. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

माणूस घरी आला की त्याच्यासमोर तारेने टेस्ट करा आणि पॉवर मीटरचा आकडा विचारून लिहून घ्या. तक्रार बंद करण्यासाठी बऱ्याच कंपन्यांचे लोक ओटीपी मागतात. दोष रात्रीचा असेल तर तो दुपारी देऊ नका. रात्री साडेनऊला पुन्हा मोजा, आकडा सुधारलेला दिसला की मग फोन करून द्या.